घोडा नाही, तरी काळा घोडा!

मुंबईत टॅक्सीवाल्या काकांना 'काळा घोडा' एवढंच सांगा. ते तुम्हाला बरोबर जहांगीर आर्ट गॅलरीपाशी सोडतील. पण गंमत ऐका, १९६५ पासून २०१७ पर्यंत तिथे घोडा नव्हताच! काळा नाही, पांढरा नाही, लाकडाचासुद्धा नाही.

त्याआधी मात्र होता. १८७९ साली अल्बर्ट ससून या बड्या व्यापाऱ्याने दिलेला पुतळा तिथे उभा राहिला. घोड्यावर होता इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड. आता एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार? लोकांनी युवराजाला सोडलं आणि घोड्याला धरलं.

तो काळा का दिसायचा? पुतळा होता ब्राँझचा, आणि ब्राँझमध्ये तांबंच जास्त, शिवाय थोडं कथील. देवघरातला तांब्या आठ-दहा दिवस घासला नाही तर कसा काळपट पडतो? हवेतला ऑक्सिजन आणि गंधकाचे वायू तांब्याशी संयोग पावतात आणि वर गडद थर चढतो. तांब्याला आपण चिंच लावून उजळतो. घोड्याला कोण चिंच लावणार!

स्वातंत्र्यानंतर इंग्रज राजांचे पुतळे चौकाचौकांतून हलवले गेले. १९६५ साली हाही गेला. नाव मात्र हललं नाही. कारण ते पाटीवर नव्हतंच, ते होतं पत्ता सांगणाऱ्यांच्या तोंडी. 'काळ्या घोड्यापाशी भेटू' म्हटलं की समोरच्याला कळतं ना? मग झालं तर! जवळच्या चर्चगेटचंही तसंच. चर्चगेट हा मुंबईच्या जुन्या किल्ल्याचा दरवाजा. किल्ल्याची भिंत १८६० च्या दशकात पाडली, तिच्यासोबत तो दरवाजाही गेला, तरी आपण आजही चर्चगेटची लोकल पकडतो. धोबीतलावला तर तलावही नाही आणि कपडे धुणारे धोबीही नाहीत.

२०१७ साली त्या जागी नवा घोडा आला. पाठीवर कुणीच नाही! मला हे फार आवडलं. नाव घोड्याचं, मग मान घोड्यालाच.

आणि जुना घोडा? तो स्वारासकट भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात आहे. या बागेचं आधीचं नाव व्हिक्टोरिया गार्डन. लोक अजूनही तिला राणीची बाग म्हणतात. आता ओळखा, राणी व्हिक्टोरिया त्या युवराजाची कोण? आई!