अस्सल बरहुकूम नक्कल

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तहसिलीतून एका वाचकाने एक प्रश्न पाठविला आहे, आणि तो वरवर दिसतो त्याहून पुष्कळच बिकट आहे. गिरडच्या टेकडीविषयी इंटरनेटवर शोध घेतला असता जी पाने पुढे येतात, त्यांतल्या बहुतेकांवर एकच कथा जवळजवळ त्याच शब्दांत आढळते. तेव्हा इतक्या ठिकाणी ती आहे म्हणून पक्की समजावी काय, आणि सर्च इंजिने किंवा हल्लीची कृत्रिम बुद्धी यांना त्यातले मूळ कोणते व नक्कल कोणती हे ओळखता येते काय, असे त्यांनी विचारले आहे.

कथा अशी. शेख ख्वाजा फरीद तीस वर्षे फकिरी वेषाने हिंडून सन १२४४ च्या सुमारास या टेकडीवर येऊन राहिले. दोन फिरस्त्या व्यापाऱ्यांनी त्यांची थट्टा केली, तेव्हा त्यांच्याजवळचे नारळ आणि उरलासुरला सारा माल दगड होऊन पडला. व्यापारी गयावया करू लागताच बाबांनी वाळलेल्या पाल्यापासून त्यांना नवा माल निर्माण करून दिला, आणि ते दोघे जन्मभर त्यांच्या सेवेत राहिले. टेकडीवर पसरलेले गोटे म्हणजे त्या मालाचे अवशेष होत. आज ही कथा ज्या क्रमाने व ज्या तपशिलांनिशी सांगितली जाते, तो क्रम आणि ते तपशील चार्ल्स ग्रँट यांनी संपादिलेल्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरात, १८७० सालच्या आवृत्तीत, जसेच्या तसे आहेत. पुढे १८८१ पासून निघालेल्या हंटरसाहेबांच्या इंपीरियल गॅझेटियरात तोच मजकूर किरकोळ फरकाने उतरला. सरकारी लेखणीची गंमत अशी की, ज्या वाक्यात ही करामत सांगितली आहे त्याच वाक्यात त्या गोट्यांना 'झिओलाइटी' असे शास्त्रीय विशेषणही लावले आहे, म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञ आणि मुजावर एकाच बाकावर बसविले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हारस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत खनिजयुक्त उष्ण जल झिरपून झिओलाइटाचे स्फटिक साचले, आणि पुढे भोवतालच्या बेसाल्टाची माती झाली तरी ते गोटे मोकळे होऊन मागे राहिले, इतकाच त्या विशेषणाचा अर्थ. भाविकांच्या श्रद्धेचा प्रश्न निराळा असून त्याला येथे हात घालण्याचे कारण नाही. आपला प्रश्न नकलांचा आहे.

दोन मजकूर हुबेहूब एक आहेत काय, हे ठरविणे यंत्राला अगदी सोपे जाते. प्रत्येक मजकुरावर एक ठरलेली गणिती क्रिया करून त्याचा एक छोटा अंक काढावयाचा, ज्याला हॅश म्हणतात. अंक जुळले की मजकूर जुळले. परंतु ही क्रिया मुद्दामच अशी रचलेली असते की, एक अनुस्वार इकडचा तिकडे झाला तरी निघणारा अंक पार निराळा यावा. आणि नक्कल करणारी माणसे इतकी भोळी नसतात की एखादा शब्दही बदलणार नाहीत. तेव्हा 'सारखे काय' यापेक्षा 'किती सारखे' हे मोजणारी रीत हवी होती, आणि ती १९९७ साली आंद्रेई ब्रोडर यांनी अल्टाव्हिस्टा या त्या वेळच्या प्रख्यात सर्च इंजिनासाठी तीन कोटी पानांवर चालवून दाखविली.

रीत पाहण्यासारखी आहे. 'गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे' या सात शब्दांच्या वाक्यातून सलग तीन-तीन शब्दांचे तुकडे पाडले, तर एकात एक गुंतलेले पाच तुकडे मिळतात. आता कोणी 'टेकडीवर' काढून 'डोंगरावर' घातले, तर पाचांपैकी दोन तुकडे बिघडतात आणि तीन शाबूत राहतात. दोन्ही वाक्यांचे मिळून निरनिराळे तुकडे सात, त्यांतले समाईक तीन, म्हणून साम्य तीन सप्तमांश. इवल्याशा वाक्यात एका शब्दाने एवढी मोडतोड होते खरी, पण तीनशे शब्दांच्या लेखाच्या पोटात एखादा शब्द बदलला तर २९८ तुकड्यांपैकी तीनच बिघडतात, आणि नक्कलकाराची चतुराई अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या आसपास उघडी पडते.

मात्र तीन कोटी पानांतल्या प्रत्येक जोडीची अशी रुजवात घेत बसले तर कल्पांतापर्यंत काम पुरावयाचे नाही. येथे ब्रोडर यांनी जी युक्ती योजिली तिच्या सौंदर्याला मी वर्षानुवर्षे भुललेलो आहे. प्रत्येक तुकड्याला एका ठराविक पण यादृच्छिक नियमाने क्रमांक द्यावयाचा, आणि प्रत्येक पानाचा केवळ सर्वांत लहान क्रमांक दप्तरी ठेवून बाकीचे सारे टाकून द्यावयाचे. दोन पानांचे हे लघुतम क्रमांक एकच निघण्याची संभाव्यता त्यांच्या साम्याइतकीच, म्हणजे समाईक तुकडे भागिले एकंदर तुकडे एवढीच असते. नियम बदलून हाच खेळ शंभर वेळा केला आणि त्यांतल्या नव्वद वेळा क्रमांक जुळले, तर साम्य नव्वद टक्क्यांच्या जवळपास आहे असे निर्धास्त म्हणावे. महसूल खात्याच्या पीक कापणीचा प्रयोग ज्यांनी पाहिला असेल त्यांना यात परके काहीच वाटणार नाही. तेथेही गावाची सारी जमीन कापीत बसत नाहीत, चिठ्ठीने ठरलेल्या शेतात दोरीने आखलेला एक तुकडा कापून, मळून, तोलून साऱ्या शिवाराच्या उत्पन्नाचा अंदाज बांधतात, आणि शेताची निवड पाटलाच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेवर सोडली असेल तरच त्या अंदाजाला किंमत असते. या कापणीला संख्याशास्त्राची बैठक देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातले पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रणी होते, हे जाता जाता नमूद करतो. ब्रोडर यांची युक्ती त्यांना एका वाक्यात कळली असती.

मराठी मजकुराच्या बाबतीत या यंत्रणेच्या मार्गात एक घरचाच काटा आहे. 'दऱ्या' या शब्दातला अर्धा र युनिकोडच्या नियमांप्रमाणे दोन रीतींनी साठविता येतो: एकदा नुक्त्याच्या र ला हलन्त जोडून, आणि एकदा साध्या र ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन शब्द आहेत, आणि तुलनेपूर्वी त्यांची एकरूपता साधली नाही तर एकाच लेखाच्या दोन प्रती परक्या ठरतात. त्याहून मोठी हानी निराळीच आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आमच्या छापखान्यांत संगणकावर जी मराठी जुळविली गेली, तिच्यापैकी बरीचशी रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे आकार बसविलेल्या फॉन्टांतून. तो विशिष्ट फॉन्ट गेला की मागे उरते ती निरर्थक रोमन अक्षरांची रास. एका पिढीचा मराठी मजकूर अशा रीतीने यंत्राच्या दृष्टीआड गेला, आणि इंग्रजी गॅझेटियर मात्र सुवाच्य राहिले. गिरडची कथा आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने का परत येते, याचे एक कारण येथे आहे.

पण साम्य मोजले म्हणजे मूळ सापडले असे होत नाही, आणि याच ठिकाणी मला त्या थोर पुरुषाची आठवण करून द्यावीशी वाटते ज्याचे नाव माहितीशास्त्राच्या इतिहासात क्वचितच कोणी घेते. विष्णु सीताराम सुकथनकर हे केंब्रिजला गणित शिकले, नंतर बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृताकडे वळले, आणि १९२५ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रे त्यांच्या हाती आली. काम १९१९ पासून सुरू होते, पण त्याला पद्धतीचा कणा दिला तो या गणितज्ञाने. आदिपर्वासाठी सुमारे साठ हस्तलिखिते घेऊन, श्लोकामागे स्वतंत्र कागद करून, प्रत्येक प्रतीतला अक्षराअक्षराचा पाठभेद त्यावर टिपला गेला. पुण्याखेरीज शांतिनिकेतनात आणि तंजावरातही शास्त्री मंडळी या रुजवातीला बसली होती. आज ज्याला आपण डेटा जुळविणे म्हणतो तेच हे काम, फक्त बोरूने आणि दौतीने.

त्या राशीतून सुकथनकरांनी जो नियम काढला, तो आमच्या वाचकाच्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. एखादा पाठ पन्नास प्रतींत आहे आणि दहांत नाही, म्हणून पन्नासांचा विजय होत नाही. त्या पन्नास जर एकाच पूर्वजापासून उतरल्या असतील तर त्यांची साक्ष मिळून एकच. उलट काश्मीरची प्रत आणि मल्याळम लिपीतली प्रत, ज्यांची शतकानुशतके गाठभेट झाली असण्याचा संभव अत्यल्प, त्या जेथे एकमुखाने बोलतात तेथे दोघींचा शब्द पन्नासांना भारी. याच कसोटीने, व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे ही जगप्रसिद्ध कथा, जी छापील पोथ्यांतून घरोघर पोचली होती, ती संहितेतून निघून परिशिष्टात गेली. लेखकाच्या आणि लेखनिकाच्या नात्याची ही सर्वांत लाडकी गोष्ट. ती मागाहून कोणा लेखनिकानेच घुसडलेली निघावी, यातला विनोद सुकथनकरांच्या नजरेतून सुटला असेल असे मला वाटत नाही. आदिपर्व १९३३ साली पुरे झाले. सुकथनकर १९४३ च्या जानेवारीत गेले, आणि संपूर्ण आवृत्ती १९६६ साली सिद्ध झाली. चॉसरच्या काव्याच्या ५८ हस्तलिखितांची वंशावळ जीवशास्त्रज्ञांच्या संगणकी साधनांनी काढून दाखविणारा लेख 'नेचर'मध्ये आला तो १९९८ साली, आदिपर्वानंतर पासष्ट वर्षांनी, आणि त्याचे जगभर कौतुक झाले. होऊ द्यावे, पण आमच्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळी सुकथनकरांवर का नसाव्यात, हे मला उमजत नाही.

आता ही पद्धत गिरडला लावून पाहू. वंशावळ काढताना सामाईक शुद्धतेपेक्षा सामाईक दोष अधिक उपयोगी पडतात, कारण खरे दोघांना स्वतंत्रपणे सापडू शकते, पण तीच चूक दोघांनी स्वतंत्रपणे करणे दुर्मिळ. गॅझेटियरने गिरडच्या ड च्या जागी रोमन 'आर' लिहून गावाचे 'गिरार' केले. म्हणून ज्या पानावर 'गिरार' दिसेल त्याचे गोत्र वेगळे विचारावयास नको. जुन्या रोमन छपाईत 'ख्वाजा'तल्या दीर्घ स्वरावर तिरपी रेघ असते, आणि स्कॅन वाचणारे ओसीआर यंत्र पुष्कळदा त्या अक्षराला 'डी' समजते. हा डाग एखाद्या लेखात उतरला असेल तर लेखकाने पुस्तक उघडलेही नव्हते असे समजावे. सन १२४४ चेही तसेच. गिरडचे फरीद ज्यांच्याशी एकच मानले जातात, त्या बाबा फरीदांच्या चरित्राची जुनी साक्ष म्हणजे त्यांचे शिष्य निजामुद्दीन औलिया यांची संभाषणे, जी अमीर हसन सिजझी यांनी १३०८ ते १३२२ या काळात टिपून 'फवाइद-उल-फुआद' या ग्रंथात ठेविली. गुरुशिष्यांमधली ही साक्ष १८७० च्या सरकारी नोंदीहून साडेपाचशे वर्षांनी जुनी, आणि बाबांची कबर पाकिस्तानातल्या पाकपट्टणला आहे ही गोष्ट सर्वमान्य. गिरडचे स्थान त्यांच्या नावाने केव्हापासून पूजिले जाते हा मोठा रोचक प्रश्न आहे, पण त्यात १२४४ हा आकडा शंभर पानांवर असला तरी त्याची गणना एकदाच करावी लागेल.

यंत्राला हे समजते काय? समूह बांधणे त्याला उत्तम जमते. पण समूहातला ज्येष्ठ कोण, हे ठरविताना ते बहुधा अपलोडची तारीख, दुवे आणि संकेतस्थळाची पत पाहते, आणि १८७० चे पुस्तक स्कॅन होऊन इंटरनेटवर आले ते त्याच्या कित्येक नकलांच्या नंतर, म्हणजे आजोबा नातवाच्या मागाहून जन्मले. २००९ साली गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून 'कॅनॉनिकल' नावाची खूण रूढ केली, जिच्यायोगे पानाचा मालकच आपली अस्सल प्रत कोणती ते जाहीर करतो. पण जो आपले पान चोरून करतो तो ही खूण प्रामाणिकपणे कशाला लावील? २०२१ पासून अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी आदींच्या संघटनेने मजकुराला व चित्राला जोडावयाच्या सांकेतिक सहीचा मोठा गाजावाजा चालविला आहे. ही सही कोणी केली आणि नंतर फेरफार झाला काय, एवढे ती सांगते. सही करणाऱ्याने लिहिले ते खरे काय, याबद्दल ती मूक. मामलेदार कचेरीतल्या कारकुनाने नकलेखाली 'अस्सल बरहुकूम' असा शेरा मारला म्हणजे दस्तऐवजातली कैफियत खरी ठरत नसे, तसाच हा प्रकार. आणि कृत्रिम बुद्धीच्या भाषा-प्रतिमानांविषयी बोलावयाचे तर, त्यांना शिकविण्यापूर्वी नकला वगळण्याचा प्रघात आता पडला असला, तरी शब्द पालटून लिहिलेल्या प्रती या चाळणीतून सहज निसटतात. अशी प्रतिमाने १२४४ हा आकडा ज्या ठामपणाने सांगतात, त्या ठामपणाचे भांडवल बहुधा त्या निसटलेल्या प्रतींचेच.

म्हणून समुद्रपूरच्या वाचकांना माझी सूचना अशी की, त्यांनी 'गिरड' आणि रोमन 'गिरार' अशी दोन्ही नावे निरनिराळी शोधून पाहावीत, व्यापारी, नारळ आणि वाळलेला पाला हे तिन्ही तपशील एकत्र असलेली सगळी पाने एका दावणीला बांधून त्यांची एक साक्ष धरावी, आणि जी पाने उरतील, मग त्यांत कोणी स्टिल्बाइट या झिओलाइटाच्या स्फटिकांचे वर्णन केले असो की गावच्या म्हाताऱ्याने कथेचा काही वेगळाच शेवट सांगितला असो, ती प्रत्येकी स्वतंत्र मोजावीत. तो वेगळा शेवट कोणाला ठाऊक असेल तर अवश्य लिहून पाठवावा.