संगणकाला शर्त घालताना

आमच्या लोधिवलीच्या दुकानात बिल संगणकावर होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांचा जीएसटी बदलला. नगाची विक्री किंमत २५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. संगणकाला हे सांगायचे म्हणजे शर्त घालायची: जर असे असेल तर हे कर, नसेल तर ते कर.

आम्ही शर्त घातली, ‘२५०० पेक्षा कमी’. घालायला हवी होती, ‘२५०० किंवा त्यापेक्षा कमी’. नेमक्या २५०० रुपयांच्या शेरवानीवर १२५ ऐवजी ४५० रुपये कर लागला. संगणकाने हूं की चूं केले नाही. चूक गिऱ्हाइकाने दाखवली. असा जादा कर आपल्याला ठेवता येत नाही, सरकारजमा करावा लागतो. कमी घेतला तर फरक पदरचा जातो.

शर्त कशाला लागते हेही पाहावे. ९०० रुपयांच्या तीन कुर्त्यांचे बिल २७०० होते, तरी कर ५ टक्केच. कारण शर्त नगाला आहे, बेरजेला नाही.

एका दुकानातली चूक एका दुकानापुरती असते. पण ज्यांची खोपोली, कर्जत, पनवेल अशी दुकाने आहेत किंवा माल इंटरनेटवर विकला जातो, त्यांचे हिशेब सर्व्हर नावाच्या संगणकांवर राहतात. असे अनेक सर्व्हर एकाच हुकूमनाम्याने तयार करता येतात. त्यासाठी २०१२ साली आलेले ‘अ‍ॅन्सिबल’ हे साधन बरेच वापरले जाते. ते आधी प्रत्येक यंत्राची माहिती घेते, मग कामे करते. कामापुढे ‘व्हेन’ हा शब्द लिहून शर्त घालतात: यंत्र डेबियन घराण्याचे असेल तर ‘अ‍ॅप्ट’ने सामान बसव, रेडहॅट घराण्याचे असेल तर ‘डीएनएफ’ने. एकच हुकूमनामा दोघांना चालतो.

धोका इथेच आहे. डेबियनच्या इंग्रजी नावात मोठ्या ‘डी’ऐवजी लहान ‘डी’ पडला, तर शर्त कुठेच जुळत नाही. काम होत नाही आणि चूकही दिसत नाही. अहवालात फक्त ‘स्किप्ड’, म्हणजे वगळले, असे येते. सुरक्षेची दुरुस्ती अशी वगळली गेली तर हिशेब उघड्यावर पडतात.

म्हणून हे काम करणाऱ्या माणसाला तीन गोष्टी विचारा. आधी ‘चेक मोड’मध्ये, म्हणजे काही न बदलता, रंगीत तालीम केली का? मग एकाच यंत्रावर करून पाहिले का? शेवटी, जे वगळले गेले ते वगळायचेच होते का?

आम्ही आता दर बदलला की तीन बिले काढून पाहतो: २४९९, २५०० आणि २५०१ रुपयांचे. पाच मिनिटांचे काम आहे.