पुनर्जोडणी, स्वयंचलित
(दूरध्वनी). ज्या दूरध्वनीशी संपर्क साधावयाचा तो व्यस्त असल्यास, तो मोकळा होताच दूरध्वनी केंद्राने आपण होऊन दोन्ही ग्राहकांना जोडून देण्याची सुविधा. तीमुळे क्रमांक पुनःपुन्हा फिरविण्याचे श्रम वाचतात आणि निष्फळ प्रयत्नांनी केंद्रावर पडणारा भारही कमी होतो.

मानवचलित केंद्रात हे काम चालक करीत असे. आल्मन स्ट्रोजर यांनी १८९१ मध्ये एकस्व मिळविलेल्या स्वयंचलित पद्धतीत मात्र तबकडीच्या स्पंदांनी स्विच प्रत्यक्ष सरकत आणि श्रवणी ठेवताच ते मूळ जागी परतत. मागितलेला क्रमांक कोठेच नोंदला जात नसल्याने पुनर्जोडणी शक्य नव्हती. संगणकीय स्मृती असलेली इलेक्ट्रॉनीय केंद्रे (अमेरिकेत १९६५ पासून) आल्यावर ही अडचण दूर झाली.

कार्यपद्धती : व्यस्ततेचा ध्वनी ऐकू आल्यावर ग्राहक ठराविक सांकेतिक अंक दाबून विनंती नोंदवितो. त्याचे केंद्र ती दुसऱ्या केंद्राकडे पाठविते व तेथे ती रांगेत लागते. व्यस्त ग्राहकाने श्रवणी ठेवल्यावर त्याला स्वतः दुसरीकडे बोलावयाचे असल्यास संधी मिळावी म्हणून काही सेकंद जाऊ देतात. नंतर प्रथम विनंती करणाऱ्याची घंटा वाजते व त्याने श्रवणी उचलल्यावरच दुसरीकडे घंटा जाते. हा क्रम उलटा असता, तर दुसऱ्याला श्रवणी उचलूनही पलीकडे कोणीच न भेटण्याचा संभव राहिला असता. ठराविक मुदतीत दूरध्वनी मोकळा न झाल्यास विनंती रद्द होते.

एकाच केंद्रातील ग्राहकांसाठी ही व्यवस्था सोपी असते. म्हणून कार्यालये व कारखान्यांच्या खाजगी अंतर्गत केंद्रांत ती सर्रास आढळते. दोन केंद्रे भिन्न असल्यास संभाषणाव्यतिरिक्त संदेशांची देवघेव करणारी समान संकेतप्रणाली दोहोंकडे लागते. अशी क्रमांक ७ ची आंतरराष्ट्रीय प्रणाली १९८० मध्ये संमत झाली. डोंबिवली व ठाणे ही एकाच उपनगरी लोहमार्गावरील शहरे. परंतु डोंबिवलीचा संकेतांक कल्याणबरोबर ०२५१, तर ठाण्याचा मुंबईबरोबर ०२२ असे. २००० मध्ये भारत संचार निगम स्थापन झाल्यावर डोंबिवलीची सेवा त्याच्याकडे आली, तर ठाणे महानगर टेलिफोन निगमच्या क्षेत्रात होते. अशा दोन शहरांत पुनर्जोडणी व्हावयाची, तर दोन्ही संस्थांच्या केंद्रांनी ती मान्य करणे आवश्यक ठरते. एकाच केंद्राची सिद्धता पुरेशी नसते.

मर्यादा : ग्राहक व्यस्त असणे आणि केंद्रांमधील मार्ग भरलेले असणे या दोन भिन्न अवस्था होत. भारतात दोहोंसाठी ४०० हर्ट्‌झचा खंडित ध्वनी योजतात. पहिल्यात तो ०·७५ सेकंदाच्या, तर दुसऱ्यात ०·२५ सेकंदाच्या अंतराने तुटतो. पुनर्जोडणी केवळ पहिल्या अवस्थेवरील उपाय आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उपनगरी रेल्वे बंद पडून डोंबिवली-कल्याणकडील असंख्य नोकरदार मुंबईत अडकले, तेव्हा दूरध्वनिसेवाही विस्कळीत झाली. अशा वेळी ही सुविधा नवे मार्ग निर्माण करू शकत नाही. एरवी मात्र चिकाटीने अंक फिरविणाऱ्याऐवजी आधी विनंती नोंदविणाऱ्यास ती प्राधान्य देते. भ्रमणध्वनी, प्रतीक्षा-सूचना व लिखित संदेश यांच्या प्रसारानंतर तिची गरज बरीच घटली आहे.