जलाशयावरील नौकेची विद्युत मोटार व तिची बॅटरी

वाशीम जिल्ह्यात मासेमारीचा मुख्य आधार म्हणजे पाटबंधारे प्रकल्पांचे जलाशय होत. एकबुर्जी, सोनल, अडाण हे मध्यम प्रकल्प आणि ठिकठिकाणचे लघुतलाव यांवर मच्छीमारांची उपजीविका चालते. जाळी टाकणे व ओढणे ही कामे वल्ह्यांच्या बळावर होतात. वारा सुटला की भरल्या डोंग्याने काठ गाठणे कष्टाचे ठरते. अशा संथ पाण्यावर बारा व्होल्टची लहान विद्युत मोटार उपयोगी पडते. एकबुर्जीचे पाणी वाशीम शहरास पिण्यासाठी जाते, हे ध्यानात घेता तेल न सांडणारी मोटार अधिक श्रेयस्कर होय. मात्र तिची उपयुक्तता बॅटरीच्या निवडीवर अवलंबून असते, आणि संस्थेचा पैसा वाया जातो तो बहुधा येथेच.

घरी ट्रॅक्टरची बॅटरी असतेच. तीच नौकेत ठेवावी, असे कोणासही वाटेल. परंतु ती बॅटरी इंजिन सुरू करण्यापुरता काही क्षण प्रचंड प्रवाह देण्यासाठी बनविलेली असते. तिच्यातील शिशाच्या पट्ट्या पातळ व संख्येने पुष्कळ असतात. तासन्‌तास प्रवाह घेऊन ती वारंवार रिकामी केली, तर पट्ट्यांवरील द्रव्य झडते आणि थोड्याच दिवसांत ती निकामी होते. मोटारीसाठी जाड पट्ट्यांची अथवा नळीदार रचनेची, खोलवर वापर सोसणारी बॅटरी हवी. घरगुती इन्व्हर्टर व सौर दिव्यांमुळे ‘ट्युब्युलर’ हे तिचे नाव आता खेडोपाडी परिचित आहे.

बॅटरी किती मोठी असावी, हे साध्या गणिताने ठरते. मोटार मध्यम वेगात २५ अँपिअर प्रवाह घेते व दिवसाकाठी दोन तास चालते, असे धरल्यास ५० अँपिअर-तास खर्च होतात. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. म्हणजे किमान १०० अँपिअर-तासांची बॅटरी लागेल. येथेही एक मेख आहे. बॅटरीवरील आकडा दहा किंवा वीस तासांत सावकाश घेतलेल्या प्रवाहाचा असतो. ‘सी-१०’, ‘सी-२०’ या खुणांचा अर्थ तोच. प्रवाह जलद घेतला की हाती येणारी वीज घटते. यास्तव १५० अँपिअर-तासांची निवड शहाणपणाची होय. पूर्ण वेगात मोटार दुप्पट प्रवाह घेते, पण नौकेचा वेग काही दुप्पट होत नाही.

ट्युब्युलर बॅटरीचे वजन एका माणसाएवढे भरते. ती उंच असल्याने हलत्या नौकेत कलंडून गंधकाम्ल सांडू शकते. लहान डोंग्यासाठी म्हणूनच बंदिस्त, द्रव न सांडणारी बॅटरी महाग असूनही बरी. लोह-फॉस्फेट जातीची लिथियम बॅटरी वजनाने शिशाच्या निम्म्याहूनही हलकी असते, तिच्यातील सुमारे ८० टक्के वीज निर्धास्त वापरता येते व ती अधिक वर्षे टिकते. परंतु तिची किंमत मोठी व चार्जर निराळा. कोणतीही बॅटरी घेतली, तरी ती तळाशी, मध्यभागी घट्ट बांधावी आणि तिच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवावा. वल्ही नौकेतून कधीही काढू नयेत.

शिसे-आम्ल बॅटरी अर्धवट रिकामी ठेवल्यास पट्ट्यांवर गंधकी क्षार घट्ट बसतो. वापर झाला त्याच दिवशी ती भरावी. भरताना ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जागा हवेशीर असावी. विजेची शाश्वती नसेल तेथे, वरील वापरास सुमारे २०० वॉटचा सौर पट व नियंत्रक स्वच्छ उन्हाच्या दिवशी पुरेसा होतो. हायड्रोमीटरवर १.२५च्या आसपास आकडा आला म्हणजे बॅटरी भरली असे समजावे, १.२० ही अर्ध्यावर आल्याची खूण. विदर्भाच्या उन्हाळ्यात पाणी लवकर उडते, त्यामुळे झाकणे दर पंधरवड्यास उघडून ऊर्ध्वपातित पाण्याची भर घालावी. विहिरीचे पाणी चालत नाही. निकामी बॅटरी भंगारवाल्याकडे न देता विक्रेत्याकडे परत करावी. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून तिच्यावर पुनर्प्रक्रिया करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.