मुद्दल फिटल्याशिवाय खाते बंद होत नाही

नाक चोंदणे हा आपल्या व्यापारी घरांत आजार म्हणून गणलाच जात नाही. धान्याची आडत असो, मिरची-मसाल्याची पेढी असो वा कापडाचे दुकान, गादीवर बसणाऱ्याच्या वाट्याला धूळ येणारच, अशी समजूत असते. वाफ आणि नाकातील थेंब यांवर वर्षे निघून जातात.

मार्केट यार्डातील एका साठीच्या आडत्यांचे असेच झाले. त्यांची केवळ डावी नाकपुडी बंद असे. अखेर तपासणीत ‘मास वाढले’ असे निदान झाले व ते काढण्यात आले. श्वास मोकळा झाला, घरचे निश्चिंत झाले. काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल मात्र प्रयोगशाळेतून कोणी आणलाच नाही. दीड वर्षाने तीच नाकपुडी पुन्हा बंद झाली. दुसऱ्या तज्ज्ञांनी प्रथम तो जुना अहवाल मागविला. त्यात ‘इन्व्हर्टेड पॅपिलोमा’ असे लिहिले होते.

ही नाक व सायनसच्या अस्तरातून उद्भवणारी गाठ आहे. तिचे अस्तर बाहेर वाढण्याऐवजी आतल्या ऊतीत वळत जाते. स्वीडनचे निल्स रिंगर्ट्झ यांनी १९३८ मध्ये हे वैशिष्ट्य स्पष्टपणे मांडले. पन्नाशी-साठीतील पुरुषांत ती अधिक आढळते आणि बहुधा एकाच बाजूस असते. ती कर्करोग नव्हे. परंतु शेजारचे हाड झिजविते, पुन्हा उगवते आणि साधारण ५ ते १० टक्के रुग्णांत तिच्यासोबत कर्करोग आढळतो वा पुढे उद्भवतो.

ती पुन्हा का येते, हे व्यापाऱ्यास सहज उमगावे. नुसते व्याज भरून खाते बंद होत नाही. मुद्दल फेडावे लागते. या गाठीचे मुद्दल म्हणजे हाडावरील तिचे मूळ. नाकात दिसणारा भाग काढला, पण मूळ राहिले, तर गाठ बहुतेक वेळा त्याच जागी वाढते.

पूर्वी त्यासाठी नाकाच्या कडेने चेहऱ्यावर छेद घेऊन आतील हाडाची भिंत काढीत. आता बहुतेक रुग्णांत नाकपुडीतूनच दुर्बिणीने शस्त्रक्रिया होते. आधी सीटी स्कॅन व गरजेनुसार एमआरआय करून मुळाची जागा शोधतात. मग गाठ, सभोवतालचे अस्तर आणि मुळाखालच्या हाडाचा थर ड्रिलने घासून काढतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे १२ टक्के, तर अन्य पद्धतींनंतर सुमारे २० टक्के रुग्णांत गाठ परतल्याचे आढळले. मूळ कपाळाच्या सायनसमध्ये किंवा डोळ्याजवळ असेल तर काम अधिक कठीण होते.

आडत्यांची दुसरी शस्त्रक्रिया याच रीतीने झाली. नंतर नाक मिठाच्या पाण्याने धुवावयाचे होते व त्यासाठी उकळून गार केलेले पाणी हवे होते; आपल्या घरांत त्याची निराळी सोय करावी लागत नाही. चौविहार व उपवासाचे नियमही त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगितले, त्यामुळे औषधांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसविता आल्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तीही सांगणे अत्यावश्यक. ती आपल्या मनाने बंद करू नये.

खरी कसोटी पुढे लागली. सहा महिन्यांत श्वास इतका सुधारला की ते म्हणू लागले, “आता कशाला दवाखाना?” तेव्हा सुनेने शांतपणे विचारले, “पप्पा, उधारीवाला हसून बोलला म्हणून तुम्ही त्याचे खाते पाहणे सोडता का?” ते निमूटपणे तपासणीस गेले. गाठ परतण्याचा संभव पहिल्या दोन-तीन वर्षांत अधिक असतो; क्वचित पाच वर्षांनंतरही ती येते. त्रास नसतानाही दुर्बिणीची नियमित तपासणी करावयाची ती याचसाठी. लहान असताना सापडलेली गाठ काढणे सोपे जाते.

दोन्ही नाकपुड्या आलटूनपालटून चोंदणे बहुधा साधे असते. एकच बाजू काही आठवडे सतत बंद राहिली, तीतून रक्त आले किंवा वास येईनासा झाला, तर सण-सीझन न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. शरीरातून काढलेल्या प्रत्येक गाठीचा अहवाल मागून घ्यावा, वाचून घ्यावा आणि दस्तऐवजासारखा जपावा. आडत्यांच्या नव्या वहीत आता वसुलीच्या तारखांसोबत तपासणीची तारीखही लिहिलेली असते.