शेतकरी कुटुंबाचा जमाखर्च : एका हंगामात एक पाऊल

पीक कसे वाढवावे ह्यासंबंधी शेतकरी बंधूंना वेळोवेळी माहिती दिली जाते. परंतु पिकाचा पैसा घरात आल्यावर त्याचे पुढे काय होते, ह्या तितक्याच महत्त्वाच्या प्रश्नाकडे सहसा लक्ष दिले जात नाही. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कोणत्याही शिवारात पाहावे. सारखीच जमीन, सारखाच पाऊस आणि जवळजवळ सारखेच पीक असलेल्या दोन कुटुंबांपैकी एकाची वर्षभर ओढाताण होते व दुसऱ्याचे बरे चालते. ह्या फरकाचे मूळ दर वेळी उत्पन्नात असतेच असे नाही. पैसा केव्हा येतो, केव्हा जातो आणि मधल्या काळात तो कोणत्या दराने उसना घेतला जातो, ह्यात ते पुष्कळदा सापडते.

प्रस्तुत लेखात अशी पाच पावले सांगितली आहेत की, ज्यांना भांडवल फारसे लागत नाही. ती एकदम उचलण्याची गरज नाही. एका हंगामात एक पाऊल नीट टाकले, तरी पुरेसे आहे.

अडचण कोठे आहे?

आपल्या भागात कोरडवाहू कुटुंबाच्या घरी पैसा वर्षातून दोन-तीन वेळाच येतो. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास, कापसाचा त्यापुढे, तुरीचा संक्रांतीच्या मागेपुढे आणि हरभऱ्याचा शिमग्याच्या आसपास हाती पडतो. खर्च मात्र बारा महिने चालू असतो. जून महिन्यात बियाणे, खत व मुलांच्या शाळेचा खर्च एकदमच उभा राहतो. श्रावण-भाद्रपदात खुरपणी, फवारणी, पोळा व गौरी-गणपती येतात. पाडव्याला सालगड्याची उचल द्यावयाची असते आणि उन्हाळ्यात लग्नसराई असते.

पूर्वी मूग व उडीद ही सुमारे सत्तर दिवसांची पिके भाद्रपदात थोडा पैसा देत आणि खरीप ज्वारी माणसांना धान्य व जनावरांना कडबा पुरवी. गेल्या तीस वर्षांत सोयाबीनचा विस्तार झाला, त्यात शेतकऱ्याचा काही दोष नाही. ह्या पिकाला कमी मजूर लागतात आणि रोख पैसा हाती येतो. परंतु त्यामुळे वर्षाचा पैसा एकाच वेळी येऊ लागला आणि डाळ, ज्वारी व कडबा ह्या घरच्या वस्तू बाजारातून आणाव्या लागल्या. मधली दरी उधारीने भरली जाते. सोयाबीन मोंढ्यावर पोहोचण्यापूर्वीच त्याचा पैसा दुसऱ्याचा झालेला असतो. हीच दरी थोडी थोडी बुजवत नेणे, हा ह्या सर्व उपायांचा उद्देश आहे.

पहिले पाऊल : हिशेबाची वही

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. पण अंथरूण किती लांब आहे हे आधी मोजावयास हवे. त्यासाठी दोनशे पानी वही पुरते. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. खर्चाचे तीन रकाने करावेत : शेतीचा, घराचा आणि कर्जफेडीचा. दररोज लिहिणे जमत नसेल, तर आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी लिहावे. मोंढ्यावरील विक्रीची हिशेबपट्टी, कृषी सेवा केंद्राची पावती व बँकेची पावती वहीच्या शेवटी लावून ठेवावी.

घरखर्चाची खरी माहिती बहुधा घरातील स्त्रीला असते. म्हणून वही तिच्यासमोर, आणि शक्य तर तिच्या किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हातून लिहिली जावी. वर्षअखेर बारा महिन्यांचा तक्ता करून कोणत्या महिन्यात किती रक्कम कमी पडली, ते पाहावे. बहुतेक घरांत ही तूट जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत दिसून येईल. तुटीचा महिना व रक्कम कळली की, तिची तजवीज आगाऊ करता येते.

दुसरे पाऊल : कर्जाचा खरा दर

व्याज महिन्यावर सांगितले की ते हलके वाटते. 'शेकडा तीन' म्हणजे वर्षाला ३६ टक्के, हे ऐकताना लक्षात येत नाही. सवाईची उधारी तर याहूनही महाग पडते. समजा, जून महिन्यात १०,००० रुपयांचे बियाणे व खत सवाईने घेतले आणि नोव्हेंबरात १२,५०० रुपये दिले. पाच महिन्यांस २,५०० रुपये, म्हणजे वर्षाच्या मानाने ६० टक्के व्याज झाले. तेवढीच रक्कम ७ टक्के दराच्या पीककर्जातून वापरली असती, तर पाच महिन्यांचे व्याज सुमारे २९२ रुपये झाले असते. २,२०० रुपयांहून अधिक रकमेची ही बचत आहे. त्यासाठी शेतात एकही जादा दाणा पिकवावा लागत नाही.

किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ साली सुरू झाली. तीन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर ७ टक्के व्याज असते आणि मुदतीत फेड करणाऱ्यास त्यात ३ टक्क्यांची सवलत मिळते. राज्य शासनाच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे वेळेवर फेडणाऱ्याचा भार आणखी हलका होतो. आपल्या कर्जास कोणती सवलत लागू आहे व फेडीची शेवटची तारीख कोणती, हे बँकेत किंवा सोसायटीत विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. तारीख चुकली की सवलत जाते आणि पुढच्या हंगामात कर्जाचे नवे-जुने करणेही अवघड होते.

२००८, २०१७ व २०१९ साली कर्जमाफीच्या योजना आल्या, हे खरे आहे. परंतु अशी योजना केव्हा येईल, कोणत्या तारखेपर्यंतची थकबाकी तीत बसेल आणि आपले नाव यादीत असेल की नाही, हे आधी कोणासही सांगता येत नाही. घराचा आराखडा अशा आशेवर बांधू नये.

घरात जितकी देणी असतील, तितक्यांची यादी करावी. प्रत्येकीपुढे वार्षिक दर लिहावा. पीककर्जाची तारीख सांभाळून उरलेला पैसा सर्वांत महाग देण्याकडे आधी वळवावा, मग ते लहान का असेना. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून घ्यावयाचा दर त्या साली तारणी कर्जास वार्षिक ९ टक्के व विनातारण कर्जास १२ टक्के असा ठरविण्यात आला. जमीन लिहून घेऊन किंवा कोऱ्या कागदावर सही घेऊन कोणी पैसे देऊ करीत असेल, तर तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात चौकशी केल्याविना सही करू नये. अडचणीची घटका निघून जाते, पण गेलेली जमीन सहसा परत येत नाही.

तिसरे पाऊल : घरचे बियाणे, घरचे धान्य

सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. त्यामुळे सुधारित वाणाचे बियाणे एकदा विकत घेतल्यावर पुढील दोन-तीन वर्षे घरचे बियाणे वापरता येते. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेले एमएयूएस ७१, एमएयूएस १५८ व एमएयूएस ६१२ हे वाण आपल्या भागात परिचित आहेत. एकरी सुमारे ३० किलो बियाणे लागते. त्या हिशेबाने चार एकरांसाठी लागणारे १२० किलो आणि थोडे अधिक बियाणे मळणीच्या वेळीच वेगळे काढावे.

सोयाबीनचे टरफल नाजूक असते. म्हणून बियाण्याची मळणी यंत्राचा वेग कमी ठेवून करावी, पोती आपटू नयेत व थप्पी उंच लावू नये. पेरणीपूर्वी उगवणशक्ती तपासावी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० बिया मांडून गोणपाट गुंडाळावे, सावलीत ठेवावे व ओलसर राखावे. साधारण सातव्या दिवशी चांगले कोंब आलेल्या बिया मोजाव्यात. ७० किंवा अधिक निघाल्यास बियाणे योग्य समजावे. ६० ते ६९ निघाल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे आणि त्याहून कमी निघाल्यास ते पेरू नये. ह्या चाचणीस खर्च काही नाही. ती न केल्यास मात्र दुबार पेरणीची पाळी येऊ शकते.

त्याचप्रमाणे सर्व जमीन एकाच पिकाखाली न ठेवता सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घ्याव्यात आणि अर्धा-एक एकर मूग किंवा उडदासाठी राखावा. ह्यायोगे भाद्रपदात थोडा पैसा येतो, वर्षाची डाळ घरची होते आणि एक पीक बुडाल्यास दुसऱ्याचा आधार राहतो. देवणी किंवा लाल कंधारी जनावरे असतील, त्यांनी ज्वारीचा एखादा पट्टा अवश्य ठेवावा. उन्हाळ्यात विकत घ्यावा लागणारा कडबा हा घरखर्चातील मोठा छुपा भार आहे.

चौथे पाऊल : विक्री हिशेबाने

सुगीत सर्वांचाच माल एकदम मोंढ्यावर येतो आणि ओलावा जास्त असल्यास भाव आणखी पडतो. सोयाबीन १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून, चाळून विकावे. घरात पैशाची निकड असल्यामुळेच माल विकावा लागत असेल, तर शेतमाल तारण कर्ज योजनेचा विचार करावा. राज्य कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून ही योजना बाजार समित्यांमार्फत चालविली आहे. तीत ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी वार्षिक ६ टक्के व्याजाने मिळते. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे काय, हे सुगीपूर्वीच विचारावे.

समजा, २० क्विंटल सोयाबीन ४,२०० रुपये भावाने तारण ठेवले. ६३,००० रुपये हाती येतील. चार महिन्यांचे व्याज १,२६० रुपये, म्हणजे क्विंटलमागे ६३ रुपये होते. माल आणखी वाळून १० टक्के ओलाव्यावर आल्यास क्विंटलमागे सुमारे दोन किलो वजन घटते; ती तूट ९० रुपयांच्या आसपास धरावी. वाहतूक व हमाली निराळी. म्हणजे भाव क्विंटलमागे दीडशे रुपयांहून बराच अधिक वाढला, तरच थांबण्यात फायदा आहे.

भाव वाढेलच, अशी खात्री धरू नये. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरला सोयाबीन नऊ-दहा हजारांपर्यंत गेले आणि नवा माल येताच उतरले. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असूनही बाजारभाव त्याखाली राहिला. म्हणून सर्व माल एकदम विकू नये आणि सर्व माल रोखूनही ठेवू नये. हमीभावाने खरेदी होणार असल्यास वेळेत नोंदणी करावी. देण्यापुरता एक भाग सुगीत विकावा व उरलेल्याच्या विक्रीची तारीख आधीच ठरवून ठेवावी.

पाचवे पाऊल : गंगाजळी

प्रत्येक विक्रीच्या पैशातून दहावा हिस्सा, तो न जमल्यास विसावा, आधी बाजूला काढावा व मग खर्चास हात घालावा. खर्च करून उरेल ते शिल्लक टाकू म्हटले, तर बहुधा काही उरत नाही. ही रक्कम घरात न ठेवता पोस्टात किंवा बँकेत वेगळ्या खात्यावर ठेवावी. पहिले उद्दिष्ट एकच असावे : पुढच्या मृगाचे बियाणे व खत रोखीने घेता यावे. तेवढे साधले की सवाईची उधारी आपोआप सुटते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तर २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने दोन्ही जिल्ह्यांतील उभी पिके पाण्याखाली गेली. दुष्काळ व ओला दुष्काळ हे आपल्या शेतीचे नेहमीचे पाहुणे आहेत, असे धरूनच चालावे. २०१६ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरिपाच्या अन्नधान्य व तेलबिया पिकांना शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत असतो. हा खर्च जूनच्या आराखड्यातच धरावा. आजारपण, औषध व शाळेच्या लहान गरजांसाठी महिलांचा बचत गट फार उपयोगी पडतो, कारण तेथे दिलेले व्याज गटातच राहते.

लग्नकार्याविषयी एवढेच सांगावयाचे की, खर्चाचा आकडा तारीख ठरण्यापूर्वी वहीत लिहावा. कर्ज काढून केलेल्या जेवणावळीची आठवण पाहुण्यांस महिनाभर राहते, हप्ते मात्र घरच्यांना काही वर्षे भरावे लागतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी प्रारंभी गावातील पाचच कुटुंबे निवडावीत व ती स्वखुशीने पुढे आलेली असावीत. त्यांच्या घरी पती-पत्नी दोघांसह बसून बारा महिन्यांचा तक्ता करावा. कोणाचेही कर्ज चारचौघांत बोलून दाखवू नये. ही गोष्ट अब्रूची असते, आणि एकदा विश्वास गेला की वही बंद होते. मे महिन्यात उगवणशक्तीची चाचणी चावडीवर सर्वांसमोर करून दाखवावी. फेब्रुवारीत कर्जफेडीच्या तारखांची आठवण द्यावी.

एखादा शेतकरी देण्याच्या काळजीने गप्प गप्प राहू लागला, लोकांत मिसळेनासा झाला, तर त्यास हिशेबाचा उपदेश करीत बसू नये. त्याच्याकडे जावे, त्याचे ऐकून घ्यावे, घरच्यांना सावध करावे व वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. कर्जाने गांजलेल्या अनेक शेतकऱ्यांनी मराठवाड्यात आपले जीवन संपविले आहे. त्यांच्यामागे राहिलेल्या कुटुंबांचे दुःख आपण जवळून पाहिले आहे. कोणतेही देणे माणसाच्या जिवापेक्षा मोठे नाही, हे त्यास कोणीतरी आपल्या माणसाने वेळेवर सांगावयास हवे.

पाऊस व बाजारभाव शेतकऱ्याच्या हाती नाहीत. उसनवारीचा दर, बियाण्याची निवड, विक्रीची वेळ आणि बाजूला काढलेला दहावा हिस्सा ह्या गोष्टी मात्र पुष्कळ अंशी त्याच्या हाती आहेत. येत्या हंगामात ह्यांपैकी कोणते एक पाऊल टाकावयाचे, हे घरातील सर्वांनी मिळून ठरवावे आणि वही आणून त्याच दिवशी पहिली नोंद करावी.