मोड आलेली बार्ली

नाचणीसत्त्व घरी करणाऱ्यांना हा अनुभव असतो. भिजवलेली नाचणी फडक्यात बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी पुरचुंडी हाताला कोमट लागते. दाणा जागा झालेला असतो! आतल्या पिठाची साखर करणारी विकरं कामाला लागलेली असतात. कोंबाने सगळी शिदोरी संपवायच्या आत दाणा वाळवायचा, ही खरी करामत. मोड आणून वाळवलेलं असं धान्य म्हणजे माल्ट.

इंग्लंडच्या सफोक परगण्यात, ऑल्ड नदीकाठच्या स्नेप गावी हेच काम बार्लीवर चाले, आणि फडक्याच्या जागी असे अख्ख्या इमारतीची जमीन. भिजलेली बार्ली तिच्यावर पसरायची आणि फावड्यांनी उलटत राहायची. हात थांबला की ढीग आतून तापणार, मुळ्या एकमेकींत गुंतून त्याची चटई होणार. शेवटी भट्टीची धग. तयार माल नदीतून शिडाच्या बोटींनी लंडनच्या बिअर गाळणाऱ्यांकडे जाई.

१८४१ साली न्यूसन गॅरेट यांनी इथला धान्य-कोळशाचा व्यापार विकत घेतला आणि पुढे हा कारखाना उभारला. त्यांच्या लेकीला, एलिझाबेथला, डॉक्टर व्हायचं होतं. वडील आधी भडकले. मग मात्र असे पाठीशी उभे राहिले, की तिची परीक्षा घ्यायला कुरकुरणाऱ्या संस्थेला त्यांनी कोर्टात खेचायची धमकी दिली. १८६५ मध्ये एलिझाबेथला डॉक्टरकीचा परवाना मिळाला. पुढे लंडनमधल्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयाच्या त्या डीन असताना तिथे एक विद्यार्थिनी दाखल झाली: बालपणी लादलेलं लग्न नाकारून कोर्टात झुंजलेल्या, मुंबईच्या रखमाबाई! स्नेपच्या त्या ओल्या जमिनीपासून आपल्या रखमाबाईंपर्यंत हा धागा पोचतो, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

१९६५ मध्ये कारखाना बंद पडला. संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांना आपल्या ऑल्डबरा महोत्सवासाठी मोठी जागा हवी होती. त्यांनी इथल्या सर्वांत मोठ्या माल्टघराचं सभागृह करवून घेतलं आणि १९६७ मध्ये राणी एलिझाबेथ यांनी त्याचं उद्घाटन केलं. दोनच वर्षांनी, महोत्सवाच्या पहिल्याच रात्री, ते जळालं. उरल्या त्या बाहेरच्या विटांच्या भिंती. त्याच भिंतींच्या आत ते पुन्हा बांधलं गेलं आणि १९७० च्या महोत्सवाला तिथे पुन्हा सूर घुमले.

छपरावर आजही जुन्या भट्ट्यांच्या धर्तीची लाकडी धुराडी दिसतात. त्यांतून आता सभागृहातली हवा बाहेर पडते.